फुकट कार्डाची उधारी

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
मुंबई



पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पहाटे पावणेपाचला लाउंजच्या दारात रांग लागते. आत पोहे, उपमा, इडली आणि मशीनचा चहा असतो. दारातल्या मुलीकडे कार्डाचं यंत्र असतं. कार्ड घासलं की दोन रुपये कापले जातात आणि माणूस आत जातो. दोन रुपयांत भरपेट नाश्ता, वर मऊ खुर्ची. ‘फुकट ते पौष्टिक’ हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं, त्यामुळे इतक्या पहाटेही रांगेतले चेहरे प्रसन्न असतात.

गेल्या हिवाळ्यात या रांगेत माझ्यापुढे एक काका-काकू उभे होते. सत्तरीच्या आसपासचे, मुलाकडे बंगळुरूला निघालेले. काकूंच्या पिशवीतून डिंकाच्या लाडवांचा डबा डोकावत होता. काकांनी शर्टाच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं. अजून बँकेच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनातच होतं ते. यंत्रानं नकार दिला. मुलीनं पुन्हा घासलं, पुन्हा नकार. “सर, लास्ट क्वार्टरमध्ये तुमचा स्पेंड नाहीये,” ती म्हणाली. काकांना काही उमगेना. “अहो, पण बँकेतल्या मुलीनं सांगितलं होतं, आयुष्यभर फुकट आहे म्हणून.” मागची रांग चुळबुळायला लागली आणि काका ओशाळून बाजूला झाले. त्यांची चूक काहीच नव्हती, तरी.

माझ्याकडे विमान कंपनीचं गोल्ड कार्ड आहे. त्यावर मी आणि माझ्याबरोबर एक पाहुणा आत जाऊ शकतो. एकच. मी तसं विचारलं, तर काका म्हणाले, “हिला घेऊन जा, मी बसतो इथं.” काकू म्हणाल्या, “तुम्हीच जा, गोळी घ्यायचीय तुम्हाला.” शेवटी तिघंही मागे फिरलो आणि बाहेर विमानतळाच्या भावानं चहा घेतला. चहा पिता पिता काकांनी मोबाइल पुढे केला. बँकेची ई-मेल आलेली होती. इंग्रजीत, जाहिरातींच्या ढिगाऱ्यात, न उघडलेली. विषय होता, आपल्या कार्डाच्या सुविधांमधले बदल. लाउंजसाठी आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च हवा, ही अट त्या मेलमध्ये तळाशी होती.

बँकेचं नाव मी इथे लिहीत नाही. ती बँक काही वेगळी नाही. गाऱ्हाणं सगळ्यांबद्दलच आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी भोसरीतल्या एका कारखान्याचा सर्व्हिस इंजिनिअर. आमचं यंत्र जिथे अडेल तिथे मी जातो. कोइम्बतूर, जमशेदपूर, राजकोट, आणि वर्षातून दोन-तीनदा जर्मनीत श्टुटगार्टला. तिकीट कंपनी काढते, खुर्चीत मी बसतो आणि पॉइंट माझ्या खात्यात जमा होतात. विमान कंपन्यांच्या या योजनांना १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं आजचं रूप दिलं. फार उडणाऱ्याला दर्जा द्यायचा, दर्जाचं अप्रूप वाटलं की तो दुसऱ्या कंपनीकडे जात नाही, एवढं साधं गणित. एअर इंडिया २०१४ च्या जुलैत स्टार अलायन्समध्ये गेली, तेव्हापासून तिच्या वरच्या दर्जाच्या सभासदाला जगभरातल्या भागीदार कंपन्यांच्या विमानांवरही मान मिळतो. वेगळा काउंटर, जादा सामान, आधी बोर्डिंग आणि लाउंज. तिकीट सगळ्यात स्वस्त वर्गाचं असलं तरी.

आता अशा माणसानं क्रेडिट कार्ड कोणतं घ्यावं? ऑफिसातली पोरं मला नेहमी विचारतात. वर्षाला दहा-बारा हजार फी असलेली भारी कार्डं आहेत. त्यांचा मुख्य नजराणा म्हणजे लाउंज, आणि तो मला विमान कंपनी आधीच देते. एकाच नाश्त्याचे दोनदा पैसे कोण मोजेल? म्हणून माझ्यासारख्याला बिनफीचं कार्ड बरं. त्यानं मला फक्त दोन गोष्टी द्याव्यात. परदेशात खर्च करताना माझा खिसा कापू नये आणि जे पॉइंट देईल ते खरे असावेत. लाउंज नको, सूटकेस नको, वाढदिवसाचा केक तर नकोच.

मागणी साधी आहे. पण गेली काही वर्षं बाजारात हिंडल्यावर माझ्या लक्षात आलं, की ‘लाइफटाइम फ्री’ या दोन शब्दांत ‘फ्री’ हा शब्द फक्त वार्षिक फीपुरता आहे. बाकीचा हिशोब दुसऱ्या खिशातून होतो.

तो हिशोब एकदा आपल्यापुढे मांडतो. समजा, मी परदेशात हॉटेल, रेल्वे आणि जेवणखाण मिळून एक लाख रुपये कार्डावर खर्च केले. आपल्याकडे बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचा मार्कअप साडेतीन टक्के असतो. म्हणजे ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. एकूण ४,१३०. आता बक्षीस. शंभर रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटाची किंमत पंचवीस पैसे धरली, तर एक लाखाला हजार पॉइंट, म्हणजे २५० रुपये. ते वटवायला गेलो की कित्येक बँका ९९ रुपये शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. हातात उरतात १३३ रुपये. ४,१३० दिले आणि १३३ मिळवले. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच की जाहिरातीत फोटो आवळ्याचा असतो.

मार्कअप शून्य असलेली बिनफीची कार्डंही आहेत, हे मी नाकारत नाही. फेडरल बँकेबरोबर २०२३ मध्ये आलेलं स्कॅपिया हे त्यातलं एक, आणि आयडीएफसी फर्स्ट बँकेनं मुदत ठेवीवर दिलेलं वाव कार्ड दुसरं. म्हणजे शून्य मार्कअप अशक्य नाही. पण बँकेच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला मार्कअप विचारून पाहा. तो लाउंजबद्दल पाच मिनिटं बोलेल आणि मार्कअपसाठी “वेबसाइटवर आहे सर” म्हणेल.

परदेशात आणखी एक खड्डा असतो. श्टुटगार्टमधल्या एका उपाहारगृहात वेटरनं हसतमुखानं यंत्र माझ्यापुढे धरलं. पडद्यावर दोन पर्याय होते, युरो आणि रुपये. रुपये म्हणजे आपलं चलन, आकडाही लगेच कळतो, म्हणून माझ्याबरोबरच्या नव्या पोरानं रुपयांवर बोट ठेवलं. तिथल्या यंत्रानं स्वतःच्या मर्जीचा दर लावून रुपये काढले. परदेशातल्या यंत्रावर रुपयांत घेतलेल्या अशा व्यवहारावर भारतातल्या अनेक बँका वेगळं शुल्कही लावतात. त्या दिवसापासून मी आमच्या पोरांना सांगतो, परदेशात यंत्रानं विचारलं तर नेहमी त्या देशाचं चलन निवडा. हे मला कुठल्याही बँकेनं कार्ड देताना सांगितलं नव्हतं. वेटरनंही अर्थातच नाही.

पण महाशय, मार्कअप निदान दरपत्रकात छापलेला असतो. माझी खरी तक्रार पुढची आहे.

क्रेडिट कार्ड म्हणजे उधारी, हे आम्हाला ठाऊक आहे. बँक आम्हाला पन्नास दिवसांपर्यंत उधार देते. त्या उधारीचे नियम आपण उत्तम बांधले आहेत. देय तारीख ठरलेली. तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तर विलंबशुल्क. १ जानेवारी २०२५ पासून आमची पत-माहिती दर पंधरवड्याला पत-माहिती कंपन्यांकडे जाऊ लागली. पाचशे रुपयांची थकबाकी राहिली, तरी पुढचं गृहकर्ज महाग होऊ शकतं. ठीक आहे. उधारी घेतली तर फेडायला हवी.

पण कार्डावर उधारी दोन्ही बाजूंनी असते. मी हजार रुपये खर्च केले आणि बँक म्हणाली, दहा पॉइंट तुझे, तर त्या क्षणी बँक माझी देणेकरी झाली. हे मी म्हणत नाही, बँकांचे हिशेबनीसच म्हणतात. न वटवलेल्या पॉइंटांसाठी बँका आणि कार्ड कंपन्या आपल्या वार्षिक हिशेबात तरतूद दाखवतात. म्हणजे त्यांच्या वहीत ते देणं आहे. मग आमच्या वहीत ते येणं का नाही?

आमचं देणं तारखेला, बँकेचं देणं मर्जीला, अशी ही तऱ्हा आहे.

फीच्या कार्डाचंच उदाहरण घ्या, म्हणजे बिनफीच्यांचं काय होत असेल याची कल्पना येईल. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाची वार्षिक फी दहा हजार होती. महिन्याला लाखभर खर्च केला की पंचवीस हजार पॉइंट मिळायचे, आणि पाच पॉइंट दिले की विमान कंपनीचे चार माइल्स. १ सप्टेंबर २०२३ पासून महिन्याचं बक्षीस बंद झालं, फी साडेबारा हजार झाली आणि पाच पॉइंटांचे दोनच माइल्स मिळू लागले. आधी साठवून ठेवलेल्या पॉइंटांनाही हाच नवा भाव. एखाद्यानं दोन वर्षं खर्च करून सिंगापूरच्या तिकिटापुरते पॉइंट जमवले असतील, तर एका रात्रीत त्याचं विमान अर्ध्या वाटेत उतरलं. बँकेनं नियम मोडला नाही. आधी कळवलंही होतं. पण आपल्या बचत खात्यातल्या रुपयाचा भाव बँकेनं असा निम्म्यावर आणला असता, तर आपण काय केलं असतं?

लाउंजचंही तेच. आयसीआयसीआय बँकेनं आपल्या अनेक कार्डांवर १ एप्रिल २०२४ पासून तिमाहीत ३५ हजार रुपये खर्चाची अट घातली. १५ नोव्हेंबर २०२४ पासून ती ७५ हजारांवर गेली. इतर बँकांनीही थोड्याफार फरकानं हीच वाट धरली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये लाउंज आणि बँका यांच्यामधला मोठा दुवा असलेल्या ड्रीमफोक्स कंपनीनं देशातली लाउंज सेवाच थांबवली. कार्ड घेताना यातलं काहीही ग्राहकाच्या हातात नव्हतं. त्याच्या हातात होतं ते लाउंजच्या खुर्चीचं चकचकीत चित्र.

विमान कंपन्यांनी आम्हाला हे धडे आधीच दिलेत. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात जमिनीवर आली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. आमच्या कारखान्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे अजूनही जेटचं प्लॅटिनम कार्ड आहे. तो ते बुकमार्क म्हणून वापरतो. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सभासदांचे पॉइंट एकास एक या हिशोबानं नव्या खात्यात गेले, दर्जाही जुळवून मिळाला. मनात आणलं तर दिलेला शब्द नीट पुढे नेता येतो, याचा हा ताजा पुरावा.

आता एक अवघड गोष्ट, कारण तिच्यात मीही अडकलो आहे.

बिनफीच्या कार्डाचे पैसे कोण भरतं? थोडा भाग दुकानदार भरतो. कार्डावरच्या प्रत्येक खरेदीत दुकानदाराकडून शुल्क कापलं जातं, त्यातला मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. थोडा भाग परदेशातल्या मार्कअपमधून येतो. आणि मोठा भाग भरतो तो बिल पूर्ण न भरणारा माणूस. कार्डाच्या धंद्यात माझ्यासारख्याला, म्हणजे दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याला ‘ट्रान्झॅक्टर’ म्हणतात. बाकी पुढे ढकलणारा तो ‘रिव्हॉल्व्हर’. नावातच काय ते आलं. तो फिरत राहतो आणि बँक चालत राहते.

आमच्या स्टोअरमधल्या एका पोरानं मॉलमधल्या टेबलावरून असंच लाइफटाइम फ्री कार्ड घेतलं होतं. पन्नास हजारांचा फोन घेतला. बिलावर ‘मिनिमम ड्यू’ २,५०० दिसलं, तेवढंच भरलं आणि त्याला वाटलं, हप्ता भरला. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के व्याज. उरलेल्या साडेसत्तेचाळीस हजारांवर महिन्याला साडेसोळाशेच्या वर, आणि व्याजावर पुन्हा जीएसटी. भरलेल्या अडीच हजारांतले जवळजवळ दोन हजार तिथेच संपले. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, त्यामुळे त्या महिन्यातल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज. हे सगळं त्याच्या बिलावर लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात आणि इंग्रजीत.

राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली क्रेडिट कार्डाच्या व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. व्याजदर ठरवणं हे आयोगाचं काम नाही, ते क्षेत्र रिझर्व्ह बँकेचं, असा त्याचा रोख होता. न्यायालयाचा मान राखूनच म्हणतो, की आता चेंडू पूर्णपणे आपल्या अंगणात आहे.

तर लाउंजमधले पोहे मी खातो आणि त्याचं बिल स्टोअरमधलं पोरगं भरतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून बँक दानशूर ठरते आणि मी गोल्ड मेंबर. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण हे लपवून फक्त पॉइंटांची तक्रार केली असती, तर पत्र खोटं झालं असतं.

बँकांची बाजू मला ठाऊक आहे. त्या म्हणतील, बक्षीस ही मेहेरबानी आहे, हक्क नव्हे, आणि खर्च वाढला की मेहेरबानी आवरावी लागते. खर्च वाढलाय हे खरंच. १६ नोव्हेंबर २०२३ ला आपणच बँकांच्या क्रेडिट कार्ड कर्जांवरचं जोखीम-भारांकन १२५ टक्क्यांवरून १५० वर नेलं. त्यासाठी बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. ती गरजेची काळजी होती, कारण २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींवर गेली. युरोपनं २०१५ च्या नियमानं क्रेडिट कार्डावरचं बँकांमधलं शुल्क ०.३ टक्क्यांवर बांधलं, तेव्हा तिकडच्या कार्डांवरची बक्षिसंही आटली. ऑस्ट्रेलियात तर हे २००३ पासूनच घडत होतं. उत्पन्न घटलं की बक्षीस घटतं, एवढं व्यवहारज्ञान आम्हालाही आहे.

पण मेहेरबानी म्हणावी, तर तिची जाहिरात करू नये. ज्या गोष्टीच्या जोरावर कार्ड विकलं, ती गोष्ट म्हणजे सौद्यातला माल. किराणा दुकानदारानं किलोच्या पिशवीत आठशे ग्रॅम साखर भरली, तर वजनमापवाला ‘बदल’ म्हणत नाही. फी शंभर रुपयांनी वाढवली तर ती दरवाढ. आणि शंभर रुपयांची सुविधा काढून घेतली तर ती ‘सुधारणा’? ग्राहकाच्या खिशाला दोन्ही सारखंच जाणवतं.

आपले २१ एप्रिल २०२२ चे निर्देश मी नीट वाचले आहेत. त्यात चांगलं पुष्कळ आहे. कार्ड फुकट म्हणून द्यायचं तर त्यात छुपं शुल्क असता कामा नये, असं त्यात स्पष्ट आहे. न मागता कार्ड गळ्यात मारलं आणि बिल पाठवलं, तर बँकेनं ते शुल्क परत करून वर दुप्पट दंड भरावा, असंही आहे. शुल्क बदलायचं तर महिनाभर आधी कळवावं. वर्षभराहून जास्त काळ कार्ड वापरलं नाही, तर कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करावी. या शेवटच्या कलमामुळे मला हसू आलं, कारण ‘लाइफटाइम’चं आयुष्य कपाटात एक वर्षच निघतं. कलम योग्यच आहे. नावच चुकीचं आहे.

म्हणून चार मागण्या आपल्यापुढे ठेवतो.

एक. कार्ड ‘मोफत’ म्हणून विकायचं असेल, तर अर्जाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात चार आकडे असावेत. जीएसटीसह परकीय चलनाचा मार्कअप, एका पॉइंटाची रुपयांतली किंमत, वटवण्याचं शुल्क, आणि लाउंज असेल तर त्याची खर्चाची अट. हे पान ग्राहकाच्या भाषेत हवं. अटी सोप्या भाषेत असाव्यात, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत, असं आपण आधीच म्हटलं आहे. त्यातला ‘शक्यतो’ हा शब्द तेवढा काढून टाका. पुण्यातल्या काकांना मराठीत कळवणं बँकेला अशक्य आहे, यावर माझा विश्वास नाही. वसुलीचे फोन तर अस्खलित मराठीत येतात.

दोन. सुविधा कमी करणं ही दरवाढ धरावी. तिच्यासाठी तीन महिन्यांची पूर्वसूचना हवी, आणि ती जाहिरातींच्या मेलमध्ये नव्हे, एसएमएसवर, एका वाक्यात. “१ एप्रिलपासून तुम्हाला लाउंज मिळणार नाही” एवढं लिहायला कितीशी जागा लागते?

तीन. जमा झालेले पॉइंट ज्या भावानं जमा झाले, त्याच भावानं किमान एक वर्ष वटवता यावेत. नवा भाव नव्या पॉइंटांना. दर बदलला तरी जुन्या मुदत ठेवीला जुनंच व्याज मिळतं, त्यात बँकांना कधी अडचण आली नाही.

चार. आपण दर महिन्याला बँकवार कार्डांची संख्या आणि खर्चाचे आकडे प्रसिद्ध करता. मी ते आवडीनं बघतो. त्यात तीन रकाने वाढवा. किती रुपयांचे पॉइंट दिले, किती वटले, किती मुदत संपून बुडाले. कुठली बँक शब्द पाळते आणि कुठली शब्द बुडवते, हे लोकांना एका नजरेत कळेल. यासाठी नवा कायदा नको, एक तक्ता पुरे.

व्याजाला मर्यादा घाला, असं मी मुद्दाम मागितलेलं नाही, कारण त्यावर माझ्यापेक्षा जाणकार माणसं भांडत आहेत. पण ‘मिनिमम ड्यू’ भरणाऱ्याला त्याच्या बिलावर, त्याच्या भाषेत, “असंच भरत राहिलात तर हे कर्ज इतक्या महिन्यांत फिटेल” हा आकडा ठळक दिसला, तर आमच्या स्टोअरमधल्या पोराची पुढची फेरी कदाचित वाचेल.

काकांचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. त्या दिवशी विमानाची घोषणा होईपर्यंत मी त्यांना आपल्याच निर्देशांमधलं एक कलम सांगितलं. ग्राहकानं कार्ड बंद करायला सांगितलं आणि बाकी काही नसेल, तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. बंगळुरूहून परतल्यावर काकांनी अर्ज केला, कलमाचा उल्लेख करून. आधी दोन फोन आले, कार्ड ठेवा म्हणून. मग चौथ्या दिवशी बंद झाल्याचा एसएमएस आला.

लाउंजची अट मराठीत कळवायला ज्या बँकेला सवड नव्हती, तिनं कार्ड चार दिवसांत बंद केलं, कारण तिथे आपण दिवसाला ५०० रुपये लिहून ठेवले होते. पॉइंटांच्या बाबतीतही असाच एखादा आकडा लिहा, एवढीच विनंती.



आपला नम्र,
पुण्याचा एक फिरता इंजिनिअर